परदेशी बँकेतील पैसा आणि करवसुलीची सीमा : टेलर खटला व हैदराबाद निधी यांच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कर आकारण्याचा अधिकार आणि कर वसूल करण्याचे सामर्थ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यसंस्थेच्या इतिहासात त्या बहुधा एकत्र आढळतात, म्हणून त्यांतील भेद सहसा लक्षात येत नाही. करदात्याचा पैसा देशाच्या सीमेबाहेर एखाद्या बँकेत गेला की मात्र हा भेद स्पष्ट होतो. कर आकारण्याचा हुकूम त्या पैशावरही निघू शकतो, परंतु त्या हुकमाने परदेशी बँकेची तिजोरी उघडत नाही.

परदेशातील भारतीयांचा दडवलेला पैसा हा विषय गेल्या काही दशकांत सार्वजनिक चर्चेत वारंवार आला. सरकारने ठरविले तर तो पैसा परत आणता येतो, अशी एक समजूत या चर्चेत दिसते. परदेशात गेलेल्या पैशाला कोणताही कर अधिकारी हात लावू शकत नाही, अशी दुसरी समजूतही तितकीच प्रचलित आहे. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. या प्रश्नाला मोठा इतिहास असून त्यातील दोन महत्त्वाचे खटले थेट भारताशी संबंधित आहेत. त्यांपैकी एकाचा संबंध तर मराठी भाषकांच्या मोठ्या प्रदेशाशी, म्हणजे मराठवाड्याशी येतो.

बागलाण तालुक्यातील मोसम खोऱ्यात वसलेल्या नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु स्वातंत्र्यापूर्वी नाशिक जिल्ह्याची पूर्व सीमा हीच दोन राजवटींची सीमा होती. नांदगाव व येवला हे तालुके मुंबई इलाख्यात, तर त्यांना लागून असलेला औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पलीकडे हाली चलन, निजामाचा महसूल व निजामाची जकात. अलीकडे कंपनी व पुढे ब्रिटिश सरकारचा रुपया आणि इंग्रजी कायदा. सीमेच्या एका बाजूचा कर अधिकारी दुसऱ्या बाजूस वसुली करू शकत नाही, हे येथील लोकांना अनुभवाने माहीत होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परकीय राज्याच्या करवसुलीला मान्यता न देण्याच्या तत्त्वाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. भारत सरकार विरुद्ध टेलर हा खटला व हैदराबाद निधीचा खटला यांचे तुलनात्मक विवेचन करणे.
३. आंतरराष्ट्रीय करारांमुळे या स्थितीत झालेल्या बदलाचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.

पूर्वपीठिका : चौथाई आणि सनद

परक्या मुलखातून कर घेण्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासाला नवीन नाही. मराठ्यांची चौथाई ही दुसऱ्याच्या अमलाखालील प्रदेशातून घेतली जाणारी रक्कम होती. सतराव्या शतकात तिचा आधार मुख्यतः लष्करी सामर्थ्य हा होता. जेथवर फौज जाई तेथवर वसूल येई. फौज परतली की वसूल थांबे. इ. स. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या सनदांनी या स्थितीत मूलभूत बदल झाला. दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीचा हक्क त्या सनदांनी मराठ्यांना मिळाला. खानदेश हा त्या सहा सुभ्यांपैकी एक होता. ज्याच्या नावाने त्या मुलखावर सत्ता चालत होती, त्या बादशहाची संमती वसुलीला प्राप्त झाली.

तथापि केवळ सनदेने वसूल हाती आला नाही. दक्षिणेत आपली सत्ता उभी करणाऱ्या निजामुल्मुल्काने हा हक्क अमान्य करण्याचा प्रयत्न केला. इ. स. १७२८ मध्ये पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने त्याची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने हा हक्क मान्य केला. यावरून दोन गोष्टी दिसून येतात. परक्या मुलखातील वसुलीला तेथील सार्वभौम सत्तेची संमती लागते, आणि प्रत्यक्ष वसुलीसाठी तेथे ज्याचा अंमल आहे त्याचे सहकार्यही लागते. आधुनिक काळात फौजेचा मार्ग बंद झाला. संमती आणि सहकार्य या दोन अटी मात्र कायम राहिल्या. पुढील विवेचनात याच दोन अटी पुन्हा पुन्हा समोर येतात.

परकीय करांविषयी इंग्रजी न्यायालयांचे तत्त्व

एका राज्याचे न्यायालय दुसऱ्या राज्याच्या करविषयक कायद्याची दखल घेत नाही, या तत्त्वाचा उगम सामान्यतः इ. स. १७७५ च्या होलमन विरुद्ध जॉन्सन या खटल्यात दाखविला जातो. फ्रान्समधील डंकर्क येथे चहाची विक्री झाली होती. घेणारा तो चहा चोरट्या मार्गाने इंग्लंडमध्ये आणणार आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक होते. चहाची किंमत मागण्यासाठी विक्रेत्याने दावा केला असता लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो मान्य केला आणि कोणताही देश दुसऱ्या देशाच्या महसुली कायद्यांची दखल घेत नाही, असे मत त्या ओघात नोंदविले.

या खटल्यात कोणत्याही परकीय सरकारने कर मागितलेला नव्हता. प्रश्न होता तो खासगी व्यापाऱ्याच्या येणे रकमेचा. तरीही ते मत पुढे नियम म्हणून रूढ झाले. सागरी व्यापारावर उभ्या असलेल्या आणि परदेशी भांडवलाचे केंद्र बनलेल्या लंडनला हा नियम सोयीचा होता, हेही नाकारता येत नाही. पुढे १९३४ च्या स्विस बँकविषयक कायद्याने ग्राहकाची माहिती उघड करणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. न्यायालयाचे दार अगोदरच बंद होते. आता माहितीचे दारही बंद झाले.

भारत सरकार विरुद्ध टेलर, १९५५

या नियमाची कसोटी पाहणारा प्रमुख खटला स्वतंत्र भारताच्या सरकारनेच लढविला आणि गमावला. दिल्ली इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅक्शन कंपनी ही इंग्लंडमध्ये नोंदलेली, परंतु दिल्लीत व्यवसाय करणारी कंपनी होती. १९४७ मध्ये तिने आपला भारतातील उद्योग सरकारला विकला. त्याच वर्षी भारतात भांडवली नफ्यावर कर लागू झाला होता. विक्रीतून झालेल्या नफ्यावर भारतीय आयकर खात्याने कर आकारला. १९४९ मध्ये कंपनी स्वेच्छेने अवसायनात गेली. तिची मालमत्ता इंग्लंडमध्ये अवसायक टेलर यांच्या हाती होती. इतर धनकोंप्रमाणे भारत सरकारने त्यांच्याकडे कराची मागणी नोंदविली. अवसायकाने ती नाकारली.

हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५५ मध्ये अवसायकाची बाजू उचलून धरली. परकीय राज्याचा कर हे अवसायकाने फेडावयाचे देणे ठरत नाही, असा निर्णय झाला. यामागील तर्क महत्त्वाचा आहे. कर हा दोन पक्षांमधील करार नसून सत्तेने आपल्या अधिकारकक्षेतील लोकांवर बजावलेला हुकूम आहे. तो दुसऱ्या देशाच्या न्यायालयातर्फे अमलात आणणे म्हणजे एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सार्वभौम सत्तेच्या भूमीवर आपला अंमल चालविणे होय. कर न्याय्य आहे काय, आकारणी अचूक आहे काय, या प्रश्नांत न्यायालयाला शिरावेच लागले नाही.

या निर्णयातील ऐतिहासिक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नफा भारतात झाला होता. उद्योग दिल्लीत होता. पैसे भारत सरकारनेच दिले होते. आठ वर्षांपूर्वीपर्यंत दिल्ली व लंडन एकाच साम्राज्याचा भाग होते. भारत स्वतंत्र झाला आणि भारताचा कर इंग्लंडमध्ये 'परकीय' ठरला. सार्वभौमत्वाच्या लाभाबरोबर त्याची मर्यादाही नव्या राष्ट्राच्या पदरी आली.

हैदराबाद निधीचा खटला

दुसरा खटला कराचा नसून राज्याच्या पैशाचा आहे. तथापि परदेशातील बँक खात्यातील पैसा सार्वभौम सत्तेला तरी मिळू शकतो काय, हा प्रश्न त्यात अधिक तीव्रतेने पुढे आला. त्यामुळे टेलर खटल्याच्या जोडीने त्याचा विचार आवश्यक ठरतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या राजवटीने शरणागती पत्करली. मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुक्तीचा दिवस होय. याच सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबादच्या अर्थमंत्र्यांच्या नियंत्रणाखाली असलेली १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग ही रक्कम पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळविण्यात आली. काही दिवसांतच सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी हे हस्तांतर आपल्या संमतीवाचून झाल्याचे बँकेस कळवून रक्कम परत मागितली. बँकेने ती कोणासही दिली नाही.

हा पैसा आला कोठून, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे. हैदराबाद संस्थानच्या महसुलाचा मोठा भाग जमिनीतून येत असे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांची रयत तेलंगण व कर्नाटकातील रयतेबरोबर हा महसूल भरत होती. लंडनच्या खात्यातील कोणता पौंड कोणत्या जिल्ह्यातून आला, हे सांगता येणार नाही. परंतु राज्याच्या तिजोरीचा मूळ झरा कोणता, याविषयी शंका नाही. संस्थान मुक्त झाले, त्याची कचेरी, खजिना व दप्तर भारताच्या हाती आले. लंडनमधील खाते मात्र हाती आले नाही.

१९५४ मध्ये निजामांनी इंग्लंडच्या न्यायालयात दावा दाखल केला. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो स्थगित केला. रहिमतुल्ला हे पाकिस्तानच्या वतीने रक्कम धारण करीत असल्याने हा दावा वस्तुतः एका सार्वभौम राज्याविरुद्ध ठरतो, आणि त्या राज्याने संमती दिल्याखेरीज तो चालविता येत नाही, असे कारण देण्यात आले. यामुळे खरा मालक कोण, या प्रश्नाचा निर्णयच झाला नाही. पैसा बँकेत पडून राहिला आणि व्याजाने वाढत गेला. सातवे निजाम १९६७ मध्ये निधन पावले.

२०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच रकमेवर दावा सांगितला. दावेदार म्हणून न्यायालयात आल्यामुळे सार्वभौम संरक्षणाची ढाल त्याला वापरता येईना. भारत सरकार व निजामांचे दोन नातू यांनी आपसांत समझोता केला. ही रक्कम शस्त्रपुरवठ्याच्या मोबदल्यात मिळाली, हा पाकिस्तानचा युक्तिवाद मान्य झाला नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, निधीवर सातव्या निजामांचा व त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. तोवर रक्कम सुमारे ३ कोटी ५० लाख पौंड झाली होती. हस्तांतर व निर्णय यांत ७१ वर्षे लोटली होती.

दोन खटल्यांची तुलना

दोन वर्षांच्या अंतराने एकाच न्यायसंस्थेने दिलेल्या या निर्णयांची तुलना उद्बोधक आहे. टेलर खटल्यात सार्वभौम राज्य वादी होते. करासाठी आले म्हणून त्याला नकार मिळाला. हैदराबाद खटल्यात प्रतिवादीच्या मागे सार्वभौम राज्य होते. त्याच्यावर खटला चालणार नाही म्हणून वादीला नकार मिळाला. म्हणजे परक्या न्यायालयात सार्वभौमत्व ही भक्कम ढाल आहे, परंतु करवसुलीचे हत्यार म्हणून ते निरुपयोगी आहे. दोन्ही वेळी पैसा जेथे होता तेथील कायदा निर्णायक ठरला.

माहितीची देवघेव

या स्थितीतील पहिला मोठा बदल वसुलीत नव्हे, तर माहितीत झाला. त्यापूर्वीची अडचण पुण्यातील एका घोडेव्यावसायिकाच्या प्रकरणात दिसली. २००७ मध्ये पडलेल्या छाप्यांनंतर त्याच्या कथित स्विस खात्यांविषयी प्रचंड आकडे प्रसिद्ध झाले. परंतु भारताने पाठविलेली काही कागदपत्रे बनावट असल्याचे स्विस अधिकाऱ्यांनी कळविले. शिवाय केवळ कर चुकविण्याच्या प्रकरणी साहाय्य देण्याची तरतूद त्या काळच्या स्विस कायद्यात नव्हती. आकारणीचा आकडा कितीही मोठा असला तरी खात्याचा पुरावा नसेल तर तो कागदावरच राहतो, हे या प्रकरणाने दाखविले. याच पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी राम जेठमलानी विरुद्ध भारत सरकार या याचिकेत विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. पथक प्रत्यक्षात मे २०१४ मध्ये अधिसूचित झाले.

दरम्यान अमेरिकेने २००९ मध्ये यूबीएस बँकेकडून ७८ कोटी डॉलर वसूल केले व सुमारे ४,४५० खात्यांची माहिती मिळविण्याचा समझोता केला. येथे खातेदारांचा पैसा जप्त झाला नाही; अमेरिकेत व्यवसाय करणाऱ्या बँकेवर दबाव आला. पुढे प्रमाणित पद्धतीने खात्यांची माहिती दरवर्षी देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. स्वित्झर्लंडकडून भारताला अशी पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. हैदराबाद निधीचा निकाल त्यानंतर काही आठवड्यांतच लागला.

ही देवघेव दुहेरी आहे, याकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील कर अधिकाऱ्याच्या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील बँकेचे खाते हेच परदेशी खाते होय. जुलै २०१५ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या करारानुसार भारतीय बँका अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती कळवितात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गावाकडील ठेवीही तिच्या कक्षेत येऊ शकतात. परदेशातील खात्यांची एकूण शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेतील नागरिकाने व रहिवाशाने ती स्वतः जाहीर करणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे. परंतु माहिती मिळाली म्हणून अमेरिकेचा अधिकारी भारतातील शाखेवर थेट टाच आणू शकत नाही.

वसुलीतील साहाय्य : आधुनिक सनद

प्रत्यक्ष वसुलीसाठी वेगळा करार लागतो. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यात १९७२ मध्ये कलम २२८अ समाविष्ट करण्यात आले. ज्या देशाशी करार आहे त्या देशाने प्रमाणपत्र पाठविल्यास भारताचा करवसुली अधिकारी येथील मालमत्तेतून वसुली करून ती रक्कम पाठवील, आणि भारताच्या थकबाकीसाठी उलट दिशेने तशीच विनंती करता येईल, अशी ही तरतूद होती. टेलर खटल्यातील अडचणीवर हाच मार्ग होता : परक्या न्यायालयात दावा न करता परक्या सरकारला विनंती करणे.

करविषयक परस्पर प्रशासकीय साहाय्याचा बहुपक्षीय करार १९८८ मध्ये तयार झाला, २०१० मध्ये सुधारण्यात आला आणि १ जून २०१२ पासून भारताला लागू झाला. त्यात माहितीबरोबर वसुलीतील साहाय्याचाही भाग आहे. मात्र वसुलीचा भाग न स्वीकारण्याची मुभा देशांना आहे, आणि अमेरिकेसह अनेक देशांनी ती घेतली. ब्रिटनने मात्र २०१२ मध्ये भारताशी स्वाक्षरी केलेल्या दुरुस्तीत करवसुलीतील साहाय्य मान्य केले. १९५५ मध्ये ज्या देशाच्या न्यायालयाने भारताचा कर नाकारला, त्याच देशाच्या सरकारने ५७ वर्षांनी तो वसूल करण्यास मदत करण्याचे कबूल केले. मॅन्सफील्ड यांच्या मताला न्यायालयाने छेद दिला नाही. ते काम करारावर सोपविले गेले.

व्यक्तीमार्फत वसुली

जेथे करार अपुरा पडतो तेथे राज्यसंस्था पैशाऐवजी व्यक्तीकडे वळते. २०१५ च्या काळा पैसा कायद्याने अघोषित परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड ठेवला. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत दिलेल्या एकवेळच्या संधीत ६४८ जणांनी ४,१६४ कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली व सुमारे २,४७६ कोटी रुपये सरकारजमा झाले. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यातही त्याच वर्षी कलम ३७अ घालण्यात आले. त्यानुसार परदेशात नियमबाह्य मालमत्ता असल्याचे मानण्यास कारण असेल तर तेवढ्या मूल्याची भारतातील मालमत्ता जप्त करता येते. परदेशातील तिजोरीला हात लावता येत नाही, म्हणून घरातील तिजोरीला हात लावण्याचा हा मार्ग होय. ज्याची मालमत्ता, कुटुंब व व्यवसाय भारतात आहेत, त्याच्यावर तो परिणामकारक ठरतो. जो मालमत्तेसह देश सोडून गेला, त्याच्याबाबतीत त्याची शक्ती क्षीण होते.

निष्कर्ष

१. कोणताही कर अधिकारी परदेशातील बँक खाते केवळ स्वतःच्या हुकमाने जप्त करू शकत नाही. जप्ती झालीच तर ती खाते ज्या देशात आहे तेथील कायद्याने व तेथील यंत्रणेच्या हातून होते.

२. टेलर व हैदराबाद या दोन खटल्यांनी हे तत्त्व भारताच्या बाबतीत दोन बाजूंनी सिद्ध केले. दोहोंतही भारताचा किंवा भारतीय पक्षाचा हक्क खोटा ठरला नाही. तो ऐकण्यासच नकार मिळाला.

३. माहितीच्या देवघेवीत मोठी प्रगती झाली असली तरी वसुलीतील साहाय्य अद्याप मर्यादित आहे. माहिती म्हणजे वसुली नव्हे.

४. परक्या मुलखातील वसुलीला तेथील सत्तेची संमती व सहकार्य लागते, हा १७१९ च्या सनदांचा व १७२८ च्या तहाचा अनुभव बदललेल्या रूपात आजही लागू पडतो.

५. विलंबाची किंमत अंतिमतः सामान्य जनता देते. हैदराबाद निधीचा निकाल लागला तेव्हा ज्यांच्या महसुलावर ते संस्थान उभे होते, त्या पिढीतील फार थोडे लोक हयात होते. ७१ वर्षांत त्या रकमेतून मराठवाड्यात एक पाझर तलावही झाला नाही. पैसा सीमेपलीकडे गेल्यावर तो परत आणण्याच्या उपायांपेक्षा तो जाण्यापूर्वी हिशेबात धरणारी जागरूक करव्यवस्था अधिक मोलाची ठरते, असे या इतिहासावरून म्हणता येते.